चोवीस डिग्री

दिवाळी उरकली आणि वेडासरची मीठ पिकवणारी घरं रणाच्या खाऱ्या, ओसाड सपाटीवर उतरायला निघाली, तेव्हा लाभुबेनची शाळा ट्रॅक्टरवर सगळ्यात शेवटी चढली. आधी इंजिनं चढली, पाइप चढले, खाटा, बाजरीची पोती आणि दोन शेळ्या चढल्या. उरलेल्या जागेत शाळेच्या तंबूचे बांबू कोंबले. फळ्याला जागाच उरली नाही, म्हणून लाभूने तो मांडीवर घेतला आणि सतरा किलोमीटर तो तिच्या गुडघ्यांवर आदळत आला.

"शाळा नीट धर, फुटेल," मडगार्डवर बसलेला तिचा नवरा सवजी म्हणाला.

"तू ट्रॅक्टर हळू हाकायला सांग."

"माझं कोण ऐकतंय! सगळं रण तुला बेन म्हणतं. नवरा म्हणून मी एकटाच उरलोय."

लाभू हसली नाही. गेल्या साली तिच्या तंबूतून पाचवी झालेली तीन पोरं होती. तिघंही आज पुढच्या ट्रॅक्टरवर दाताळी धरून बसली होती. गावात सहावीची शाळा होती, पण आठ महिने आईबाप रणात असताना पोरांना भाकरी कोण घालणार? तालुक्याच्या गावी एक निवासी शाळा होती. खाणं-राहणं तिथंच, बारावीपर्यंत. तिथं जायचं तर फेब्रुवारीतली परीक्षा पास व्हावी लागे. या तंबूतून आजवर कोणी झालं नव्हतं. यंदा पाचवीत पाच जण होते आणि त्यातली एक चुणचुणीत केसर होती, म्हणून लाभू फळा सांभाळून नेत होती.

पहिला महिना शाळा नावालाच भरली. वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा असतो, नाहीतर विहिरीतून काढलेलं खारं पाणी जमीन पिऊन टाकते. घरातलं जे चालू शकतं ते या कामाला लागतं. पटावर चौदा पोरं, तंबूत सहा, आणि ती सहाही मांडी घातल्या घातल्या पेंगायची. त्यांच्या टाचांच्या भेगांत चिखल भरलेला असे. लाभूचेही पाय तसेच होते, त्यामुळे कोणाला रागवायलाही तोंड नव्हतं.

"तुझी पोरं सगळी वाफ्यातच आहेत," सवजी म्हणाला. "तिथंच घे की तुझी शाळा."

तो चेष्टेनं म्हणाला, पण लाभूने ते खरंच केलं. दुपारी ती वाफ्यात उतरली, पोरांची रांग लावली आणि पावलांच्या ठेक्यावर पाढे सुरू केले. डावा पाय बे, उजवा पाय चार. बाराच्या पाढ्यापर्यंत झकास गेलं. तेराला ठेका मोडला, दोन पोरं एकमेकांवर आपटली आणि शेजारच्या वाफ्यातला छना ओरडला, "बेन, तेरावा इथं तुडवू नको, माझा बांध फुटेल!"

छना म्हणजे केसरचा बाप. माणूस वाईट नव्हता, पण अंगठेबहाद्दर. खाऱ्या पाण्याची जात मोजायला काचेची एक नळी असते, तिला रणात सगळे डिग्रीच म्हणतात. पाण्यात सोडली की ती तरंगते आणि तिच्यावरचा आकडा सांगतो की पाणी किती तयार झालं. विहिरीचं पाणी पंधराला असतं, उन्हानं आटत आटत चोवीसला आलं की मीठ धरायला लागतं. छनाला आकडे वाचता येत नव्हते. केसर सात वर्षांची असल्यापासून त्याची डिग्री तीच वाचायची.

"पास झाली तर जाऊ दे," तो लाभूला म्हणाला होता. "बोललो ते बोललो. पण नापास झाली तर पुन्हा विषय काढायचा नाही. माझे डोळे आहेत ते."

डिसेंबरात इंजिनं दिवसभर ठकठकायला लागली आणि तंबू भरायला लागला. लाभूपाशी पुस्तकं मोजकी होती, पण जमीन भरपूर होती. सुकलेल्या चिखलावर काठीनं लिहायचं, वारा पुसून टाकायचा. पोरांनी सवजीच्या वाफ्याची परिमिती पावलांनी मोजली आणि ती त्याच्या अंदाजापेक्षा अकरा पावलं कमी भरली, त्यावर तो दोन दिवस धुसफुसला. पुस्तकात 'बी रुजवून पाहा' असा पाठ होता, म्हणून डब्यात कोथिंबीर पेरली. टँकरच्या पाण्यातला रोज एक पेला तिला घातला. ती दोन बोटं वर आली आणि खाऱ्या वाऱ्यानं एका दिवसात करपली. वहीत निरीक्षण लिहायचं होतं. पाचवीतल्या जिवानं लिहिलं, 'झाड मेले.' एवढंच. लाभूला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

जानेवारीत पाण्याचा धडा आला.

तिनं पुस्तक उघडण्याआधीच प्रश्न टाकला, हीच तिची चूक. "सांगा, पाणी किती डिग्रीला जामतं?"

दही जामतं, मीठ जामतं, गोळेवाल्याचा बर्फही जामतो. या लोकांना तिन्हीला शब्द एकच.

"चोवीस!" सगळा तंबू ओरडला. पहिलीतलं शेंबडंसुद्धा ओरडलं.

पोरांना इतक्या एका सुरात कधी काही आलं नव्हतं. लाभूच्या तोंडून 'शाब्बास' निघून गेलं. मग तिनं पुस्तक उघडलं. पुस्तकात शून्य होतं.

केसर उठून उभी राहिली. काटकुळी, ओठ फुटलेले, वेणीला पाइप बांधायची सुतळी. "बेन, छापणाऱ्याचं चुकलंय. शून्याचं पाणी म्हणजे टँकरचं. मी नळी घालून बघितलीय. ते जामलं तर आपण पिणार काय?"

"ती डिग्री वेगळी, केसर. आपली खारटपणाची. पुस्तकातली थंडी-उष्णतेची."

"ताप मोजतात ती?" जिवानं विचारलं.

"हं, तशीच."

"पण माझ्या आईला ताप आला तेव्हा डॉक्टर एकशे दोन म्हणाला. तिचं काहीच जामलं नाही."

पोरं खिदळली. लाभूने काठी घेऊन जमिनीवर दोन नळ्या काढल्या, एक थंडीची, एक खाराची. दुसरीवर आकडे घालतेय तोवर सवजीची हाक आली. इंजिनाचा पट्टा तुटला होता आणि पाणी उलटं विहिरीत वाहायला लागलं होतं. पोरं उठून पळाली, बेनही पळाली. उद्या पुन्हा घेऊ असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी टँकर आला, मग पतंगांची संक्रांत आली, मग झेंडावंदन आलं, मग अवेळी ढग आले आणि सगळी माणसं वाफ्यांच्या बांधांवर ओणवी झाली. तो धडा राहिला तो राहिलाच.

फेब्रुवारीत टँकरच्या टपावर बसून पाच पोरं परीक्षेला गेली. लाभू सोबत होती. तालुक्याच्या शाळेत बाकं होती आणि जिवा दोनदा बाकावरून घसरला. पण बाहेर आल्यावर केसरचे डोळे चमकत होते. "बेन, चाळीसच्या चाळीस लिहिले." लाभूने पाचही जणांना गोळा खाऊ घातला आणि परतीच्या वाटेवर तिला उगीचच गाणं म्हणावंसं वाटत होतं.

मार्चमध्ये टँकरवाल्याने टोपीतून घडी घातलेलं पाकीट काढून दिलं. आठ दिवस ते त्याच्या टोपीत होतं. आत परीक्षेबद्दल लिहिलं होतं: पाचही पेपर बाजूला काढले आहेत, सामुदायिक कॉपीचा संशय आहे, शिक्षिकेनं समक्ष येऊन खुलासा करावा.

लाभूने ते तीनदा वाचलं. मग सवजीला वाचून दाखवलं.

"केली होती का?" सवजीनं विचारलं.

त्या एका प्रश्नासाठी ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

शिक्षणसाहेबांच्या कचेरीत ती दहाला पोचली आणि तीनला तिला आत बोलावलं. मधल्या वेळात शिपायानं दोनदा सांगितलं, "बेन, पाय जरा बाकाखाली घ्या," कारण तिच्या चपलांचा पांढरा चिखल फरशीवर पडत होता. पायाखालची घाण तिनं पदराने पुसली. पुसताना दोन मास्तर बघून गेले. तिला रडू आलं नाही, चिडच आली. स्वतःचीही आली, पुसलं म्हणून.

साहेब मध्यमवयीन, थकलेले, सर्दीनं नाक लाल झालेले. त्यांनी पाच पेपर टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. "बसा बेन. हा सतरावा प्रश्न वाचा. पाणी किती डिग्रीला जामते? या पोरीनं चोवीस लिहिलंय. यानंही चोवीस. यानंही. पाचही जणांनी. सगळ्या तालुक्यात दुसऱ्या कोणी चोवीस लिहिलेलं नाही."

"साहेब, ते..."

"ऐका. बरोबर उत्तर पाच जणांचं सारखं येतं. चुकीचं उत्तर पाच जणांचं सारखं येत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं." त्यांनी नाक पुसलं. "आणि वाईट वाटतं हो. ही केसर छनाभाई, चाळीसात छत्तीस. तालुक्यात दुसरी. आता हे छत्तीस मी खरे कसे धरू?"

लाभूला आनंद झाला, पण तो दाखवायची ही वेळ नव्हती. तिनं पिशवीतून डिग्री काढली. सकाळी वाफ्यावरून तशीच निघाल्यामुळे ती फडक्यात गुंडाळलेली पिशवीतच राहिली होती. "एक पेलाभर पाणी मिळेल, साहेब?"

"प्यायला?"

"नाही, दाखवायला."

तिनं नळी पेल्यात सोडली. "हे शून्य. आता यात मीठ घातलं की..."

"माझ्या पेल्यात मीठ घालू नका हो," साहेब घाईनं म्हणाले. पण त्यांनी ऐकून घेतलं. दहा मिनिटं ऐकलं. मधेच हसले. "म्हणजे तुमच्या रणात पाण्याचं मीठ होतं, बर्फ होत नाही!"

"बर्फ पोरांनी गोळ्याच्या गाडीवरच पाहिलाय. तोही किसलेला."

"पण तुम्ही शिकवलं नव्हतं का?"

"शिकवलं होतं." मग तिला राहवलं नाही. "अर्धं शिकवलं होतं. इंजिन बंद पडलं."

साहेबांनी पाचही पेपर पुन्हा गोळा केले. "मी एक करू शकतो. आठ एप्रिलला पोरांना घेऊन या. मी एकेकाला आत बोलावून हाच प्रश्न तोंडी विचारेन. ज्याला उत्तर आलं त्याचा पेपर धरू. नाही आलं, तर मला वर सांगायला तोंड नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

परतल्यावर लाभूने पाच जणांना वेगळं बसवलं. दोन डिग्र्या समजावून द्यायला तिनं सुरुवात केली, पण मीठ काढायचे दिवस होते. सकाळी तास-दीड तास पोरं हाती लागत, की कोणाचा ना कोणाचा बाप तंबूच्या दारात उभा. तिसऱ्या दिवशी तिनं समजावणं सोडून दिलं.

"पाणी किती डिग्रीला जामतं?"

"शून्य."

"पुन्हा."

"शून्य."

"झोपेतून उठवून विचारलं तर?"

"शून्य, बेन."

जिवाच्या तोंडून एकदा चोवीस निघालं, तेव्हा तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. आजवर तिनं पोरांना हात लावला नव्हता. त्यानं पाठ चोळत विचारलं, "पण का शून्य?" आणि ती खेकसली, "का ते नंतर! आधी शून्य!" केसर गप्प असे. पाळी आली की शून्य म्हणे आणि मान खाली घाली. तो आकडा तिच्या तोंडातून कडू गोळीसारखा बाहेर पडे, पण पडत होता. लाभूला तेवढंच हवं होतं.

आठ तारखेला छनाही आला. धुतलेला केडिया घालून, एक दिवसाचं काम बुडवून. कचेरीच्या व्हरांड्यात तो भिंतीला टेकून उकिडवा बसला, आणि शिपायानं पाय घ्यायला सांगायच्या आधीच त्यानं ते घेतले.

साहेबांनी दार उघडंच ठेवलं होतं. जिवा आत गेला. प्रश्न पुरता व्हायच्या आत "शून्य!" असा ओरडला की साहेब दचकले. त्याच्यामागून तिघं गेले. शून्य, शून्य, शून्य. चार पेपर डाव्या बाजूला गेले. लाभूने बोटांवर चार मोजले.

केसर आत गेली.

"ये बाई, ये. तूच ना छत्तीसवाली? सांग, पाणी किती डिग्रीला जामतं?"

केसरनं हात पाठीमागे धरले. लाभू व्हरांड्यातून ओठ हलवत होती. शून्य. म्हण. शून्य.

"कुठलं पाणी, साहेब?"

"कुठलं म्हणजे? पाणी म्हणजे पाणी."

"आमचं असेल तर चोवीस. तुमचं असेल तर शून्य. पण तुमची डिग्री वेगळी, ती थंडीची."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. बाजूला बसलेला कारकून मान वर करून बघायला लागला. "दोन उत्तरं चालत नाहीत, बेटा. एकच सांग."

"मग पाणीपण एकच सांगा ना."

ती उर्मटपणे बोलली नाही. ती खरोखर विचारत होती, हे लाभूला तिच्या मागे धरलेल्या हातांवरून कळलं. तंबूत काही अडलं की ती अशीच बोटांत बोटं अडकवून विचारायची. पण कारकून फिस्सकन हसला आणि साहेबांचं नाक आणखी लाल झालं. कारकुनासमोर अकरा वर्षांची पोर त्यांना प्रश्न विचारत होती.

"पेपरात चोवीस आहे आणि तोंडी दोन्ही आहे," ते म्हणाले. "मी काय लिहू? जा."

लाभू आत घुसली. "साहेब, तिलाच तर कळलंय! त्या चौघांना विचारा का शून्य, एकालाही नाही सांगता येणार!"

"म्हणजे तुम्ही त्यांना पाठ करून आणलंय?"

लाभूने दाराबाहेरच्या चौघांकडे पाहिलं. हो म्हणावं तर चार पोरं जातात. नाही म्हणावं तर एक जाते. साहेब वाट बघत होते, आणि ती मान खाली घालून बाहेर आली.

टँकरच्या टपावर जिवा आणि ते तिघं गात होते. पन्नास पोरांचं जेवण एका पातेल्यात शिजतं, हे त्यांना शिपायाने सांगितलं होतं. केसर बापाला टेकून बसली होती. निम्मी वाट सरल्यावर छनाने विचारलं, "बेन, हिचं चुकलं का?"

"नाही. हिचंच बरोबर होतं."

"आणि ह्या चौघांचं?"

"त्यांचंपण बरोबर होतं."

छनाने कानामागची बिडी काढली. "बरोबर बोलून पोर घरीच येणार असेल, तर ती घरीच बरी," तो म्हणाला, आणि बिडी पेटवायला वाऱ्याकडे पाठ करून बसला.

दुसऱ्या दिवशी केसर तंबूत आली नाही. तिची पुस्तकं धाकट्या भावाबरोबर परत आली, दोरीनं नीट बांधलेली. लाभूने पोरांना सुट्टी दिली आणि ती पुस्तकं घेऊन छनाच्या वाफ्यावर गेली. उन्हात मीठ चकाकून डोळ्यांत घुसत होतं. बाप आणि लेक दोघंही दाताळी ओढत होते. केसरचं दाताळं तिच्याहून उंच होतं. ते ओढताना ती सगळं अंग मागे टाकत होती.

लाभूने पुस्तकं बांधावर ठेवली, पदर खोचला आणि केसरच्या हातातून दाताळं घेतलं.

"हिच्या वाट्याचं मी ओढते. रोज दोन तास. ही पुन्हा पाचवीत बसेल आणि पुढच्या फेब्रुवारीत परीक्षा देईल."

"आपलं काय ठरलं होतं, बेन?" छना ओढायचं न थांबवता म्हणाला. "आणि तुझा वाफा कोण बघणार?"

"सवजी बघेल."

"तो ऐकेल?"

"नाही ऐकणार. भांडेन."

दोघं काही वेळ ओढत राहिली. मीठ दातांखाली करकरत होतं. केसर बांधावर उभी होती, पुस्तकांना हात न लावता.

"पुढच्या सालीही हेच होईल," छना म्हणाला. आता तो थांबला होता आणि त्याच्या आवाजातला ताठा गेला होता. "तुला दोष नाही देत. पण आठ दिवस घोकून घेतलंस तेव्हा हिला एवढं एक शिकवायचं होतंस, की मोठ्या माणसानं विचारलं की तो म्हणेल ते म्हणून मोकळं व्हायचं. जिवाला येतं ते हिला येऊ नये?"

"शिकवलं होतं, छनाभाई," लाभू म्हणाली. "आठ दिवस दुसरं काही शिकवलंच नाही. धपाटा घालून शिकवलं. साऱ्या वर्षात तेवढं एकच हिनं घेतलं नाही."

हे बोलताना तिला संताप यायला हवा होता, कालपासून तो छातीत नुसता भरून राहिला होता. आता तो आला नाही, उलट हिनं जे घेतलं नाही तेच आपण शिकवत होतो, याची तिला लाज वाटली. तिनं दाताळं उचललं, पुढे टाकलं आणि अंग मागे झोकून ओढलं.